तळ दिसेपर्यंत

३ एप्रिल, बुधवार

आले एकदाची. सामान म्हणजे दोन पिशव्या, एक ट्रंक आणि ह्यांचा तलाव घासायचा लांब दांडा. दांडा बसच्या टपावर चढवताना कंडक्टरने विचारलं, मावशी, मासे पकडायला निघालात काय? मी म्हटलं, हो, पण तुझ्याएवढा मोठा नको, तळायला कढई नाही. सगळी बस हसली. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं, आणि चारचौघांना हसवायचं मला अजून जमतं, याचं माझं मलाच बरं वाटलं.

खोली वसाहतीच्या पोहण्याच्या तलावाच्या काठालाच, पंपघराला चिकटून. एक खाट, एक टेबल, भिंतीत दोन फळ्या. वरच्या फळीवर पुस्तकं लावली, खालच्या फळीवर भांडी. शाळा चौथीत सुटली, पण रद्दीच्या दुकानाशेजारी बिऱ्हाड होतं त्याचा हा फायदा. खिडकीला जाळी आहे. तिच्यातून तलावाची उथळ बाजू दिसते. खोल बाजू फिल्टरच्या टाकीआड जाते.

किल्ल्या वसाहतीच्या सचिवांनी स्वतः आणून दिल्या. निवृत्त गृहस्थ, कडक इस्त्री, बोलणं मऊ. बाई माणसाचा अर्ज बघून कमिटीत चर्चा झाली म्हणाले. क्लोरीनचे कॅन उचलाल का, असं विचारलं. ह्यांच्या छातीने दगा दिल्यापासून पगाराच्या कागदावर नाव ह्यांचं आणि कॅन माझ्या हातात होते, हे मी त्यांना सांगून टाकलं. ते हसले. तलाव दोन उन्हाळे बंद आहे आणि रविवारी एकवीस तारखेला उघडायचाच, असं म्हणाले. त्यांनी एक गोष्ट मान्य केली, तिच्यासाठीच मी ही नोकरी धरली: माझ्या नातीला इथे पोहायला शिकवायची परवानगी.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी ठरत नाही. एकोणीस तारखेला लेक तिला घेऊन येईल. ह्यांच्या शेवटच्या दिवशी लेकीची गाडी उशिरा पोचली. तिने कोणावर खापर फोडलं नाही, पण तेव्हापासून माझ्याशी बोलताना ती घड्याळाकडे बघते. आता महिनाभर इथे राहिली तर कुठेतरी गाठ सुटेल.

पाणी मात्र भयंकर आहे. हिरवं, दाट, वर साय धरलेलं. ह्यांचा एकच नियम होता आणि माझाही तोच आहे: काठावर उभं राहून तळाची जाळी दिसत नाही तोवर कोणालाही पाण्यात सोडायचं नाही. मग तो कोणाचा का लाडका असेना.

४ एप्रिल, गुरुवार

सकाळी पाणी तपासलं आणि कपाळाला हात लावला.

इथे पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे उद्या भिंगरीने विचारलं तर सांगता येईल. क्लोरीन उन्हाला फार हळवं. भर उन्हात अर्ध्या दिवसात उडून जातं. म्हणून स्टॅबिलायझर घालतात. तो क्लोरीनच्या डोक्यावर छत्री धरतो. पण छत्र्याच छत्र्या झाल्या तर क्लोरीन कामाला बाहेरच पडत नाही. चाचणीत भरपूर दिसतं आणि शेवाळ त्याच्या नाकावर टिच्चून वाढतं.

स्टॅबिलायझर मोजायच्या नळीच्या तळाशी एक काळा ठिपका असतो. औषध घालून दुधाळ केलेलं पाणी वरून ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. जितका लवकर ठिपका बुडेल तितका स्टॅबिलायझर जास्त. इथे मी ओतायला लागले आणि ठिपका गेलाच.

कारण पंपघरातच सापडलं. क्लोरीनच्या गोळ्यांचे रिकामे डबे छतापर्यंत रचलेत. या गोळ्यांत स्टॅबिलायझर आधीच मिसळलेला असतो. क्लोरीन संपून जातं, तो मात्र पाण्यातच राहतो. पाणी बदलत राहिलं तर चालतं. इथे पाणी कधीच बदललेलं नाही. तलाव बांधल्यापासून नुसतं वरून भरत आलेत.

हे मला माळ्याने सांगितलं. माझ्याच वयाचा असेल, सतत शिट्टी वाजवत कुंपण कापत असतो. मी त्याला माळीदादा म्हणते, तो मला ताई. म्हणाला, ताई, हे पाणी म्हणजे आमच्या सासूबाई. जागचं हलवायचं नाही, वरून गोड बोलत राहायचं.

६ एप्रिल, शनिवार

सचिवांकडे दोनदा जाऊन आले. पाणी काढायचं नाही हा इथला पहिला नियम, असं ते म्हणाले. नियमात तथ्य आहे. या जमिनीत पाणी वर आहे. तलावाची टाकी रिकामी केली तर खालचं पाणी तिला होडीसारखी उचलतं, भिंती तडकतात. आतलं पाणीच टाकीला दाबून धरतं. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे बघून त्यांना जरा नवल वाटलं.

मी समजावलं की सगळं नको, अर्धं काढू द्या. अर्धं वजन राहील, शिवाय तळाच्या जाळीखाली झडप आहे. खालून जोर आला तर ती उघडते आणि बाहेरचं पाणी आत घेते, टाकी जागेवर राहते. हे केलं नाही तर एकवीसच काय, पुढच्या वर्षीसुद्धा तळ दिसणार नाही. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. शेवटी हो म्हणाले. आधीच्या माणसांपैकी कोणी हे मागितलं नव्हतं, एवढंच म्हणाले. ते गोळ्या टाकायचे आणि पगार घ्यायचे.

उद्या सकाळी पंप लावते. हात शिवशिवताहेत.

७ एप्रिल, रविवार

दिवसभर पाणी काढलं. उथळ बाजूची फरशी उघडी पडली. पाणी गेलं तिथे हिरवं बुळबुळीत अस्तर राहिलं. ते घासून काढलं. खाली फरशी निळी आहे, फिकी, छान. भिंगरीला आवडेल.

पाणी उतरत होतं तेव्हा एकदा वाटलं, पायाखालची जमीन श्वास घेतल्यासारखी किंचित फुगली. पंपाची थरथर असणार. माळीदादाला विचारलं. त्याने शिट्टी थांबवली, जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, सासूबाई उठल्या वाटतं.

उद्या नवीन पाणी सोडायचं.

८ एप्रिल, सोमवार

सकाळी दार उघडलं तर तलाव भरलेला. काठोकाठ.

माळीदादाने नळी सुरू ठेवली असेल म्हणून त्याच्यावर डाफरले. त्याने मला नळी दाखवली. वेटोळं करून खुंटीवर, कोरडी ठणठणीत. मग झडपच उघडली म्हणायची, खालचं पाणी वर आलं. असं होतं. एका नदीकाठच्या तलावात झालं होतं म्हणून हे सांगायचे. सचिव तर खूश, टँकर वाचला.

पाणी गार आहे, फारच गार. हात घातला आणि कोपरापर्यंत कळ गेली.

९ एप्रिल, मंगळवार

मी अर्धं पाणी काढलं. म्हणजे स्टॅबिलायझर अर्धा व्हायला हवा. हा हिशोब शाळेत न गेलेल्यालाही कळतो.

आज नळी पूर्ण भरली तरी ठिपका स्वच्छ दिसतो आहे. अर्धा नाही. शून्य. तीनदा करून बघितलं. नवी बाटली फोडली. शून्य.

आणि हिरवं गेलं आहे. मी क्लोरीनचा थेंबही घातला नव्हता. शेवाळ मरतं तेव्हा राखाडी होतं, खाली बसतं, फिल्टर तुंबतो, आठवडा जातो. इथे काही नाही. भिंतीवर नाही, कोपऱ्यात नाही. फिल्टर उघडला, तोही स्वच्छ.

तळाची जाळी दिसते आहे. जाळीचं एकेक भोक मोजता येईल. मला आनंद व्हायला हवा होता. दिवसभर खोलीतून काठावर आणि काठावरून खोलीत फेऱ्या मारल्या. पुस्तक उघडलं, तेच पान चार वेळा वाचलं.

११ एप्रिल, गुरुवार

क्लोरीन टिकत नाही. सकाळी घालते, चहा पिऊन येऊन तपासते, नाही. ऊन खातं म्हणावं तर आज ढग होते. कॅनमागून कॅन रिकामे होताहेत. क्लोरीन उगीच संपत नाही. शेवाळ, घाम, पालापाचोळा, काहीतरी लागतं त्याला खर्च व्हायला. या पाण्यात डोळ्यांना दिसेल असं काहीच नाही. मग हे कशावर खर्च होतं आहे?

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालं आहे. लिहिते.

भिंत घासून झाली की दांड्यावरचं पाणी झटकायला हे काठावर दोनदा ठोकायचे आणि मग दांडा फरशीवरून खर्रकन ओढायचे. त्या आवाजाने माझे दात आंबायचे. त्यावरून आमची भांडणं झालीत. मी फक्त दोनदा ठोकते, ओढत नाही.

दुपारी खोल बाजूला घासत होते. दोनदा ठोकलं. खालून उत्तर आलं. दोनदा.

नळात हवा असेल म्हणून पंप बंद केला. सगळं शांत झालं. पुन्हा ठोकलं. पुन्हा दोनदा आलं, आणि मग खालच्या फरशीवरून काहीतरी खर्रकन ओढल्याचा आवाज.

मी ओढलं नव्हतं. मी कधीच ओढत नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

मला माहीत आहे की ते हे नाहीत. ह्यांना मी माझ्या हातांनी आंघोळ घातली, कोरडं केलं, शेवटचे कपडे घातले. माणूस गेला की जातो. मी वर्षभर हेच स्वतःला सांगत आले आहे आणि ते मला पटलेलं आहे.

तरी आज दुपारभर खोल बाजूच्या काठावर बसले. भर उन्हात. दोनदा ठोकायचं, थांबायचं. जेवायचं राहिलं. उठले तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या आणि पदर पाण्यात होता, हातभर. तो कधी गेला ते कळलं नाही.

दात आंबत नाहीत आता. आवाज ऐकला की बरं वाटतं. याचीच भीती वाटते.

१३ एप्रिल, शनिवार

ह्यांच्या दांड्यावर लाल पट्टी गुंडाळलेली आहे. दांडा तळाला टेकला की खोल बाजूला ती पट्टी पाण्याच्या वर हातभर राहायची. पहिल्या दिवशी मीच बघितली होती.

आज पट्टी पाण्याखाली गेली. दांडा मुठीपर्यंत घातला, पालथी पडून खांद्यापर्यंत हात घातला. टेकला नाही. गार पाण्यात हात बधिर झाला.

तळ दिसतो आहे. निळी फरशी, जाळी, जाळीचे स्क्रू. काल पडलेलं पान नव्हतं तिथे. पानं पडतात तशी तरंगत नाहीत, सरळ खाली जातात, आणि फरशीवर साचत नाहीत.

तळ दिसतो आहे. टेकत नाही.

१४ एप्रिल, रविवार

माळीदादाला काठावर गुडघे टेकून बसलेलं बघितलं. कान फरशीला. काय करताय म्हटलं तर दचकला, ओशाळला. मग सांगितलं. लहानपणी तो आणि थोरला भाऊ दोन टोकांच्या बागांत कामाला होते, एकमेकांना शिट्टीने बोलवायचे. भाऊ विहिरीचा कठडा बांधताना गेला. त्याची शिट्टी इथे ऐकू येते म्हणाला. मी विचारलं, ठोकल्याचा आवाज येतो का? तो म्हणाला, नाही, शिट्टी.

म्हणजे ज्याला जे हवं ते.

मी त्याला दंडाला धरून उठवलं. रागावले. या बाजूचं कुंपण कापू नका म्हणून सांगितलं. तो हो हो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

१६ एप्रिल, मंगळवार

माळीदादा आला नाही. त्याची कात्री खोल बाजूच्या कुंपणात अडकलेली आहे, उघडी, पात्यांत एक डहाळी अर्धी कापलेली. कुंपण तिथपर्यंत सरळ कापलं आहे, पुढे झिपऱ्या.

सचिव म्हणाले, ही माणसं अशीच, सांगत नाहीत, दुसरीकडे जातात. डहाळी अर्धी कापून कोण जातं?

तळ स्वच्छ आहे. काहीच नाही त्यावर. क्लोरीन घातलं नव्हतं तरी तपासलं. सवयीने. शून्य.

आवाज आता दोन आहेत. ठोकल्याचा, आणि थोडा लांबून शिट्टीचा. ती मला आज पहिल्यांदा ऐकू आली. आणि ती भावाची नाही. तिच्यात माळीदादाचं वळण आहे, कुंपण कापताना वाजवायचा ते.

१७ एप्रिल, बुधवार

सचिवांना काठावर आणलं. दांडा घालून दाखवला. त्यांनी दांड्याकडे बघितलंच नाही. पाण्याकडे बघत राहिले. चेहरा मऊ झाला. क्लोरीन टिकत नाही, हे पाणी माणसाला चालणार नाही, कमिटीला कळवा, सगळं मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले,

“मावशी, इतकी वर्षं हिरवं होतं तेव्हा कोणी घाबरलं नाही. आता तळ दिसतो तर घाबरता?”

रविवारी उघडणार म्हणजे उघडणार. वसाहतीत घरोघरी सांगून झालं आहे.

लेकीला फोन लावला. येऊ नका म्हटलं. तिने कारण विचारलं. काय सांगू? पाणी खराब आहे म्हटलं. सचिवांनी तर छान फोटो पाठवलाय, असं ती म्हणाली. मग, तुला आम्ही नकोच असतो, असं म्हणून ठेवून दिला.

१८ एप्रिल, गुरुवार

विचार करून डोकं पिकलं. सरळ गोष्ट आहे. ते जुनं पाणी जड होतं. वर्षांनुवर्षांचं, कोणी न हलवलेलं. ते दाबून बसलं होतं. मी ते अर्धं काढलं.

आता वर पाणी सोडून उपयोग नाही. नळी दिवसभर चालू ठेवली, पातळी बोटभर हलली नाही. मग एकच उरलं. तळ दिसता कामा नये. तळ दिसला नाही तर सचिवांनाही उघडता येणार नाही.

जन्मभर शेवाळ मारलं आणि आज शेवाळाला हात जोडले, बाई गं, वाढ. माळीदादाच्या कुंड्यांजवळचं हिरवं पिंप आणून ओतलं. खताचं पोतं ओतलं. उरलेल्या गोळ्या, स्टॅबिलायझरची सगळी पूड, बादल्या भरभरून. ऊन चांगलं होतं. कधी नव्हे ते उन्हाला म्हटलं, ताप.

पूड विरघळली नाही. पांढरी ओळ होऊन खाली गेली. खाली, खाली. फरशी दिसते त्याच्याही खाली.

पाणी तसंच. आरसा.

१९ एप्रिल, शुक्रवार

आल्या. तलावाच्या फाटकाला मी कुलूप घालून ठेवलं होतं. भिंगरी खोलीत शिरली ती टेबलावर, खाटेवर, खिडकीत. उंच झाली आहे. तिच्या केसांचा वास घेतला आणि क्षणभर सगळं विसरले.

जेवताना तिने चमच्याने ताटावर दोनदा ठोकलं. मग चमचा ताटावरून ओढला. खर्रकन.

लेकीच्या हातातला घास तसाच राहिला. भिंगरी जन्मली तेव्हा ह्यांनी काम सोडलं होतं. तिने दांडा ह्यांच्या हातात कधी बघितलेला नाही.

हे कोणी शिकवलं म्हटलं तर भिंगरी म्हणाली, तिकडचे वाजवतात ना. खिडकीकडे बोट.

२० एप्रिल, शनिवार

दुपारी भिंगरीला झोपवून बाहेर आले. फाटक उघडं. कुलपाची किल्ली ट्रंकेत होती. लेक खोल बाजूला बसलेली. पाय पाण्यात. रडत होती, पण चेहरा — इतका सुटलेला चेहरा मी तिचा लहानपणीच बघितला होता.

मी काखेत हात घालून मागे ओढलं. पाय निळे पडले होते. तिने मला ढकललं.

“बाबा आहेत इथे. आणि तू हे माझ्यापासून लपवून ठेवलंस?”

मी म्हटलं, ते बाबा नाहीत. माझ्याइतकं कोणाला कळणार? मीही बसले आहे इथे, मीही ठोकलं आहे. ते आपल्यातलंच घेऊन आपल्याला दाखवतं.

ती म्हणाली, “तुला शेवटचं भेटायला मिळालं, आई. मला नाही.”

तिचे पाय पदराने पुसले. पुसत राहिले. ती तलावाकडे बघत होती.

रात्रीच्या गाडीने जा म्हटलं. भिंगरीला ताप आहे असं सांगू, काहीही सांगू. नाही म्हणाली. उद्या बाबांना नात दाखवायची आहे म्हणाली.

२१ एप्रिल, रविवार

सकाळीच फाटकात आडवी उभी राहिले. सचिवांनी एक हात धरला, लेकीने दुसरा. कोणी ओरडलं नाही. मावशी दमल्या आहेत, असं ते लोकांना सांगत होते. खोलीत आणून बसवलं. लेकीने माझ्या हातात वही दिली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. थोडाच वेळ, आई, म्हणाली. बाहेरून कडी.

भिंगरी तिच्या हाताला होती. नवा पोहायचा पोशाख. पिवळा. वळून माझ्याकडे बघून हसली.

खिडकीची जाळी उचकटून बघितली. नखं तुटली. निघत नाही.

लोक आले आहेत. घरंच्या घरं. टॉवेल, पिशव्या. उथळ बाजूला उभे. कोणी बोलत नाही. मुलंसुद्धा नाहीत बोलत. सगळे मान किंचित तिरकी करून —

ऐकत आहेत.

खोल बाजूकडे चालले. सगळे. सावकाश. पिवळा पोशाख दिसला, लेकीचा हात दिसला, मग फिल्टरच्या टाकीआड. मी ओरडते आहे. कोणी वळत नाही.

—

उडी मारल्याचा आवाज नाही. एकाही नाही. पाणी उसळल्याचा नाही.

टॉवेल काठावर. घड्या तशाच.

—

लेकीला हाका मारल्या. सचिवांना. भिंगरीला. घसा बसला. पाणी हलत नाही. इतकी माणसं उतरली तर पाणी काठावरून सांडायला हवं. एक थेंब नाही.

ठोकल्याचे आवाज. शिट्टी. बांगड्या. कोणाची तरी काठी. कोणीतरी खोकतंय. खूप आहेत आता. पायाखाली आहेत, या खोलीच्या फरशीखाली —

—

आतली कडी घातली. का घातली ते — घातली.

आवाज थांबले.

—

बाहेरची कडी निघाली. हळूच. वर उंचावर आहे ती कडी, भिंगरीचा हात पोचत नाही तिथे.

कोण आहे विचारलं. उत्तर नाही. दाराखालच्या फटीतून ऊन आत आलं आहे. लांबच्या लांब सरळ पट्टी. पावलांची सावली नाही. कोणी उभं असेल तर पावलांची सावली —

भिंगरी.

भिंगरीचाच आवाज. रडत नाही. दमलेली. दाराच्या अगदी पलीकडे.

“आजी, इथे पाय टेकत नाहीत.”

माझ्या उंबऱ्यात. कोरड्या जमिनीवर, उन्हात —

ती नाही. मला माहीत आहे ती नाही. लेकीला मी हेच सांगितलं होतं. ते आपल्यातलंच घेतं आणि —

पण ती असली तर. धरून राहिली असली तर, चौकटीला, बोटांनी —

“आजी.”

श्वास लागलाय तिला. मी ऐकते आहे. लहान मूल किती वेळ —

कडी निघत नाही, हात बधिर, थांब बाळा, धरून ठेव, आले, मी आ